आमच्या जर्मनाला ‘कळवतो’ म्हणाले

पुण्यात निम्मे लोक जर्मन शिकतात आणि उरलेले निम्मे जपानी. मी दोन्ही शिकले. आठवीत जर्मन घेतलं ते मार्क चांगले पडतात म्हणून, आणि पुढे जपानी शिकले ते कंपनीत नोकरी लागावी म्हणून. या दोन भाषा एकाच बाईच्या डोक्यात असण्याचा जगात कोणाला उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग नवऱ्याचं इथलं, जपानमधलं काम लांबत गेलं, आम्ही निशी-कसाईत, भारतीयांच्या वस्तीत, बस्तान मांडलं, मुलगी जपानी शाळेत जायला लागली, आणि एक दिवस ओळखीच्या एका बाईंचा फोन आला. एका फुटबॉल क्लबला जर्मनचा दुभाषी हवाय म्हणाल्या, बाई चालेल, फक्त मैदानावर उभं राहायची तयारी हवी.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते मी सांगूनही टाकलं. पण त्यांना जर्मन येणारा दुसरा माणूस मिळत नव्हता, म्हणजे अडला हरी, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. क्लब दुसऱ्या श्रेणीतला, आमच्या घरापासून दोन गाड्या बदलून तासाभरावर. त्यांनी जर्मनीहून एक बचावपटू आणला होता. वय तेहेतीस, म्हणजे माणूस म्हणून तरुण आणि फुटबॉलमध्ये म्हातारा. उंची अशी, की क्लबच्या प्रत्येक दारातून वाकून आत यायचा आणि जपान्यांना वाटायचं, काय नम्र गृहस्थ आहे! गुडघ्याला कायम बर्फ बांधलेला. घरी आम्ही त्याला ‘आमचा जर्मन’ म्हणायचो.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, “तू आतापर्यंत गोल किती केलेस?”

“पंधरा वर्षांत चार,” तो म्हणाला. “त्यातला एक आमच्याच गोलात.”

मला वाटलं, झालं! कसला खेळाडू आणलाय यांनी. मग त्यानेच समजावलं, की बचावपटूचं काम गोल करणं नाही, होऊ न देणं. दिवसभर नीट काम केलं तर कोणाला काही दिसत नाही, आणि एकदा चुकला तर सगळं स्टेडियम बघतं. म्हटलं, अरे बाबा, हे तर तू माझ्या संसाराचं वर्णन केलंस. तो असा खदाखदा हसला की शेजारचे दोघे जपानी दचकले. तेव्हापासून आमचं गूळपीठ जमलं.

माझी पहिली घोडचूक पहिल्याच महिन्यात झाली. बचावाच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या माणसाला सारखं ओरडावं लागतं: पुढे सरका, मागे या, डावीकडे बघा. त्याला हे सगळं जपानीत हवं होतं. मी एका कागदावर व्यवस्थित लिहून दिलं, पाठ करून घेतलं, उच्चारही घोटून घेतले. आता मी जपानी शिकले ते कंपनीच्या मीटिंगसाठी. मला येते ती अदबीची जपानी. त्यामुळे पहिल्या मॅचला हा साडेसहा फुटी माणूस मानेच्या शिरा ताणून ओरडत होता, “आगात्ते कुदासाई!” म्हणजे मराठीत सांगायचं तर, “कृपया आपण पुढे येण्याची तसदी घ्यावी!” समोरून तिघे जण चेंडू घेऊन अंगावर येतायत आणि हा आपल्या माणसांना तसदी घ्यायला सांगतोय. संघातली तरुण पोरं हसता हसता खाली बसायची बाकी राहिली.

घरी आल्यावर माझ्या दहा वर्षांच्या लेकीने टीव्हीवर तुकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. “आई, दासाई!” दासाई म्हणजे बावळट, गावंढळ. मग तिनेच शाळेच्या मैदानावरचे शब्द सांगितले, तोडून टाकल्यासारखे, दोन अक्षरी, तीन अक्षरी. मी ते घेऊन दुसऱ्या दिवशी गेले. पण आमच्या जर्मनाने ऐकलं नाही. म्हणाला, कुदासाई म्हटल्यावर ती पोरं खरंच पटकन पुढे येतात, हसत येतात पण येतात. आणि खरंच, सहा महिन्यांत सगळा संघ एकमेकांना कुदासाई करायला लागला. प्रेक्षकांतले आजोबासुद्धा त्याच्याकडे चेंडू गेला की हात जोडून ओरडायचे. सगळ्यात सभ्य बचावपटू म्हणून तो लाडका झाला, आणि त्यात माझ्या अज्ञानाचा वाटा मोठा होता.

सरावानंतर आम्ही एकाच गाडीने परतायचो. तो माझ्याआधी तीन स्टेशनं उतरायचा. गाडीत कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून आम्ही हळू आवाजात जर्मन बोलायचो, आणि त्या दोन वर्षांत त्याची सगळी कारकीर्द मला तुकड्यातुकड्याने कळली. गावातल्या क्लबमध्ये त्याचे वडील मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे, तिथे तो खेळायला लागला. सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबने उचललं. एकोणिसाव्या वर्षी त्यांचं पत्र आलं, की आता गरज नाही. मग तिसरी श्रेणी, मग दुसरी. एक सीझन पहिल्या श्रेणीत, त्यातला बहुतेक वेळ बाकावर बसून. मग गुडघा. एका क्लबने फोनवर सांगितलं, जा. दुसऱ्याने एजंटकडून कळवलं. आणि चौथ्या क्लबमध्ये तर तो सकाळी सरावाला गेला आणि बघतो तो कपाटावरची त्याच्या नावाची पट्टीच काढलेली.

“चार वेळा मला काढलंय,” तो म्हणाला. “मला रेकॉर्ड नकोत, कप नको. एकदाच, फक्त एकदा, मला स्वतःच्या तोंडाने म्हणायचंय की आता पुरे. कोणी सांगायच्या आधी.”

मला भरून आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले, नाहीतर त्या शांत डब्यात मी मुसमुसले असते.

त्याचा करार दोन वर्षांचा होता. दुसरा सीझन संपायला दोन महिने उरले तेव्हा त्याने मला बरोबर घेऊन बुचो-सानांची वेळ मागितली. बुचो म्हणजे विभागप्रमुख, सान म्हणजे आपलं ‘साहेब’. खेळाडूंचे करार तेच बघायचे. साठीचे, किडकिडीत, अत्यंत सज्जन गृहस्थ, इतके हळू बोलायचे की समोरचा आपोआप पुढे झुकायचा. आमच्या जर्मनाने खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, “मला अजून एक वर्ष खेळायचंय. तुम्हाला मी हवा आहे का, नको आहे?”

आता हे असं कोणी विचारतं का? मी त्या प्रश्नाला चार बाजूंनी उशा लावून तो जपानीत सरकवला. बुचो-सानांनी मान तिरकी केली, दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाले, “केंतो शिमास.”

म्हणजे, आम्ही विचार करतो.

जपानमध्ये नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, केंतो शिमास म्हणजे काय. म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणायला जड जातं म्हणून म्हणायचा शब्द. आणि मला हे जपान्यांनी शिकवायची गरजच नव्हती. कांदेपोहे खाऊन झाल्यावर मुलाकडचे चपला घालता घालता काय म्हणतात? ‘कळवतो.’ ‘कळवतो’ म्हणजे नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मुलीची आई तो शब्द ऐकून उरलेले पोहे झाकून ठेवते.

पण जर्मन माणसाला कळत नाही. तुमच्या अर्जाचा विचार करतो असं जर्मन माणूस म्हणाला, की तो खरंच बसून विचार करतो आणि सांगितलेल्या दिवशी उत्तर देतो. मी काय केलं असेल? शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, “ते विचार करतायत.” खोटं एक अक्षर बोलले नाही. पण त्याचा चेहरा असा उजळला, की त्यानंतर ‘अरे, याचा अर्थ नाही असा होतो’ हे वाक्य मला म्हणवेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. म्हटलं उद्या सांगू. मग परवा. मग शनिवारी मॅच आहे, मॅचनंतर सांगू.

आणि तो तर कामालाच लागला. सरावाच्या तासभर आधी येऊन गुडघ्याचे व्यायाम. जपानी अक्षरं गिरवायची वही आणली. आईला सांगून मोकळा झाला, वसंतात ये, तुला फुलं दाखवतो. इतक्या विश्वासाने सगळं करत होता, की त्याच्याकडे बघितलं की मला माझाच राग यायचा.

बुचो-सानांकडून मात्र चकार शब्द नाही. एक आठवडा, दोन, चार, सात. मधे पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरचे फोटो काढले, त्यात याला बोलावलं नाही. एक तरुण बचावपटू चाचणीसाठी येऊन गेला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी घरी नवऱ्याला म्हटलं, त्याला काढणार हे उघड आहे, आणि मला सांगायला हवं.

नवरा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, “आमच्याकडूनही तुमच्याकडे ‘कळवतो’च सांगितलं होतं. महिन्याने होकार आला ना?”

“तुमच्या घरच्यांची गोष्ट वेगळी,” मी म्हटलं. “तुमच्याकडे पत्रिका बघणारे गुरुजी गावाला गेले होते. तू गप्प बस.”

नोव्हेंबरचा शेवट आला. त्या आठवड्यात बुचो-सान एकेका खेळाडूला खोलीत बोलवायचे, आणि ज्याचा करार संपवायचा तो डोळे पुसत बाहेर यायचा. दोघांना मी स्वतः बघितलं. सोमवारी निरोप आला, की आमच्या जर्मनाला मंगळवारी सकाळी दहाला बोलावलंय. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, कोणी सांगायच्या आधी स्वतः थांबायची, आणि आता हातात एक दिवस उरला होता.

सरावानंतर स्टेशनजवळच्या कोंबिनीबाहेर एक बाक आहे, तिथे आम्ही बसलो. कोंबिनी म्हणजे इथलं नाक्यावरचं दुकान, चोवीस तास उघडं. तो भाताचा त्रिकोण खात होता. मी कॉफीचा डबा नुसताच हातात धरून बसले होते. मग एका दमात सांगून टाकलं. केंतो शिमासचा अर्थ, आमच्याकडचा ‘कळवतो’, कॅलेंडर, सगळं.

त्याने खायचं थांबवलं. “तुला हे कधीपासून माहीत होतं?”

“त्याच दिवसापासून.”

मला वाटलं ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, “मैदानावर माझ्या पाठीमागून कोणी येत असेल, तर ते मला दिसत नाही. ज्याला दिसतं त्याने ओरडून सांगायचं असतं. लगेच. माझं मन दुखेल का, हा विचार करायचा नसतो. सात आठवडे तू बघत होतीस.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. डोळ्यांतून धारा लागल्या. शाळेतून परतणाऱ्या दोन मुली आमच्याकडे बघत बघत गेल्या.

त्याने मला हातरुमाल दिला. भाताचा त्रिकोण संपवला, त्याचं प्लास्टिक एका डब्यात आणि कागद दुसऱ्या डब्यात टाकला, कारण रागातसुद्धा तो कचरा वेगळा करायचा. मग परत येऊन म्हणाला, “उद्या ते बोलायच्या आधी मी बोलणार. तू फक्त भाषांतर कर. उशा लावू नकोस.”

मंगळवारी दहाला आम्ही खोलीत गेलो. बुचो-सानांपुढे एक निळी फाइल होती. ते फाइलवर हात ठेवून काही म्हणणार, तेवढ्यात आमचा जर्मन उभा राहिला. दोन्ही हात शरीराला चिकटवून. म्हणाला, “मी थांबतोय. हा सीझन माझा शेवटचा. हा माझा निर्णय आहे.”

मी भाषांतर केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जपानी इतकी सरळ बोलले, की माझा आवाज मलाच परका वाटला. मनात म्हटलं, जिंकला माझा वाघ.

बुचो-सानांचा हात फाइलवर तसाच राहिला. मग त्यांनी फाइल उघडली, आमच्याकडे वळवली आणि दोन्ही हातांनी पुढे सरकवली. वर करार होता. एक वर्षाचा. त्याचं नाव छापलेलं, क्लबचा शिक्का मारलेला. आणि त्याखाली एक कागद, टेबलावरून टेबलावर फिरून आलेला, लाल गोल शिक्क्यांनी भरलेला. मी मोजले, अकरा होते. पहिला शिक्का खुद्द बुचो-सानांचा. शेवटचा अध्यक्षांचा.

“फार उशीर झाला, माफ करा,” बुचो-सान हळूच म्हणाले. “वय बघता काही जणांना पटवायला वेळ लागला. करार पक्का होईपर्यंत कॅलेंडरमध्येही घेता येत नव्हतं. कालच शेवटचा शिक्का मिळाला. आम्हाला तुम्ही हवे होतात.”

त्यांनी विचार करतो म्हटलं होतं आणि माणूस सात आठवडे खरोखर विचारच करत होता! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथे बैल माझा नव्हता, दुसऱ्याचा होता. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी पोटात जावं.

“काय म्हणतायत?” आमच्या जर्मनाने विचारलं.

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. आणि शेवटी माझं म्हणून जोडलं, “मी चुकले. तू सही कर. मी त्यांना सगळं समजावते, चूक माझी आहे म्हणून सांगते. तू फक्त सही कर.”

तो खाली बसला. कागद जवळ ओढला. ते अकरा शिक्के त्याने एकेक करून बोटाने बघितले, अक्षरं लागत नव्हती तरी. टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, कर रे बाबा, कर. टेबलाखाली त्याचा दुखरा पाय लांब पसरलेला होता आणि दुसऱ्या हाताने तो गुडघा चोळत होता. मग त्याने पेनाला टोपण लावलं.

“त्यांना सांग, मनापासून आभार,” तो म्हणाला. “आणि सांग, की मी थांबतोय.”

“अरे, पण आता कशाला?”

“भाषांतर कर.”

मी केलं. बुचो-सान उठले आणि इतके खाली वाकले की मला त्यांच्या डोक्याचा विरळ झालेला मागचा भाग दिसला. आमचा जर्मनही वाकला. दोघे तसेच वाकलेले, आणि मी मधे उभी.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्याचा हात धरला. म्हटलं, “तुझं एक वर्ष मी खाल्लं. माझ्या शहाणपणाने खाल्लं. मला माफ करू नकोस.”

तो भिंतीला टेकला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण तोंडावर हसू होतं, आणि ते माझी समजूत काढायचं नव्हतं.

“चार क्लबनी मला जा म्हटलं,” तो म्हणाला. “आज पहिल्यांदा कोणीतरी राहा म्हणालं. आणि मी जातोय.” मग त्याने घड्याळ बघितलं. अजून दोन मॅच बाकी होत्या आणि सरावाला उशीर झाला होता. दारातून वाकून तो मैदानाकडे पळत सुटला, एक पाय जरा ओढत, आणि मी तिथेच उभं राहून लहान मुलीसारखं भोकाड पसरलं.